शिडाच्या नौकांचे संगणकीय मार्गनिर्देशन

शिडाच्या नौकेचे समुद्रावरील स्थान निश्चित करणे, इष्ट ठिकाणी जाण्याचा सुरक्षित मार्ग आखणे आणि प्रवासात नौका त्या मार्गावर आहे की नाही हे पाहत राहणे, या कामांसाठी टॅब्लेट, लॅपटॉप यांसारख्या सुटसुटीत संगणकांचा केला जाणारा उपयोग. मोठ्या व्यापारी जहाजांवर या कामासाठी आंतरराष्ट्रीय नियमांनुसार प्रमाणित केलेली खास यंत्रणा बसविलेली असते. लहान शिडाच्या नौकांवर अशी यंत्रणा जागेच्या, विजेच्या व खर्चाच्या दृष्टीने परवडत नाही. त्यामुळे घरगुती वापरासाठी बनविलेले संगणकच नौकेवर नेण्याचा प्रघात एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून वाढत गेला. ही साधने स्वस्त व हाताळण्यास सोपी आहेत. परंतु ती समुद्रासाठी बनविलेली नाहीत. त्यांच्या उपयोगाचा विचार करताना या दोन्ही गोष्टी एकत्रच लक्षात घ्याव्या लागतात.

ऐतिहासिक आढावा : किनारा दिसत असताना डोंगर, देवळे, दीपगृहे यांच्या खुणांवरून आणि किनारा दिसेनासा झाल्यावर सूर्य, ध्रुव व इतर तारे यांवरून दिशा व स्थान ओळखण्याची रीत फार जुनी आहे. दोरीला शिशाचे वजन बांधून खोली मोजणे आणि वजनाला चिकटून आलेल्या गाळावरून किंवा वाळूवरून जागा ओळखणे, ही पद्धत कोकण किनाऱ्यावरील तांडेलांच्याही अंगवळणी पडलेली होती. अठराव्या शतकात सेक्स्टंट व अचूक कालमापक ही साधने उपलब्ध झाल्यावर खुल्या समुद्रात अक्षांश व रेखांश ठरविणे शक्य झाले.

या पद्धतीचा विसाव्या शतकातील एक उत्तम दाखला मुंबईशी निगडित आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १४ जून १९६८ ते २२ एप्रिल १९६९ या ३१२ दिवसांत कोठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. असा प्रवास करणारे ते पहिलेच नाविक होत. त्यांची ‘सुहेली’ ही नौका मुंबईत बांधलेली होती. नौकेवर संगणक नव्हता. सेक्स्टंट, कालमापक, होकायंत्र व कागदी नकाशे यांवरच सर्व मार्गनिर्देशन झाले.

अमेरिकेच्या जीपीएस या उपग्रहीय प्रणालीतील पहिला उपग्रह १९७८ मध्ये सोडण्यात आला व १९९५ मध्ये ती पूर्णांशाने कार्यान्वित झाली. सामान्य वापरकर्त्यांना मिळणाऱ्या संदेशात तोवर हेतुपुरस्सर ठेवण्यात येणारी त्रुटी २ मे २००० रोजी काढून टाकण्यात आली. त्यामुळे सुमारे शंभर मीटरच्या घरात असणारी अचूकता एकदम काही मीटरवर आली. त्यानंतर लॅपटॉपला जीपीएस ग्राहक जोडून पडद्यावरील नकाशावर नौकेचे स्थान सतत पाहण्याची पद्धत रूढ झाली. २०१० नंतर टॅब्लेटचा प्रसार झाला. ग्राहक, पडदा, घटमाला व नकाशा हे सर्व एकाच पातळ पाटीत सामावले गेले.

स्थाननिश्चितीचे तत्त्व : जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किमी. उंचीवरून फिरतात. प्रत्येक उपग्रहावर आण्विक घड्याळ असते आणि संदेश केव्हा निघाला व त्या वेळी उपग्रह कोठे होता, ही माहिती तो सतत प्रक्षेपित करतो. संदेश पोहोचण्यास लागलेल्या वेळावरून ग्राहक उपग्रहाचे अंतर काढतो. रेडिओ तरंग एका सेकंदाच्या दशलक्षाव्या भागात सुमारे ३०० मी. अंतर कापतात, म्हणून वेळेतील अत्यल्प चूकही स्थानात मोठी चूक निर्माण करते. ग्राहकातील घड्याळ साधे असल्याने त्याची चूक हीदेखील एक अज्ञात राशी धरावी लागते. अक्षांश, रेखांश, उंची व वेळ या चार अज्ञात राशींसाठी किमान चार उपग्रहांचे संदेश मिळावे लागतात.

किनाऱ्यापासून दूर मोबाइल दूरध्वनीचे जाळे नसल्याने टॅब्लेटवर स्थान मिळणार नाही, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. उपग्रहाचे संदेश त्या जाळ्यावर अवलंबून नसतात. जाळ्याच्या मदतीने पहिले स्थान लवकर मिळते, इतकेच. ती मदत नसल्यास ग्राहकाला उपग्रहांची माहिती थेट आकाशातून घ्यावी लागते व काही मिनिटे थांबावे लागते. मात्र नकाशे किनाऱ्यावर असतानाच साधनात उतरवून घ्यावे लागतात. तसे न केल्यास स्थान अचूक मिळूनही ते कोऱ्या पडद्यावर दिसते. काही टॅब्लेटांच्या स्वस्त प्रकारांत उपग्रहीय ग्राहक नसतोच. असा टॅब्लेट घराच्या परिसरातील बिनतारी जाळ्यांवरून स्थानाचा अंदाज करतो आणि समुद्रात निरुपयोगी ठरतो. अशा टॅब्लेटला वेगळा ग्राहक जोडावा लागतो.

नाविक नकाशे : पडद्यावर दिसणारे नकाशे दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार म्हणजे कागदी नकाशाचे अंकीय चित्र. ते मोठे केले, तर अक्षरे व रेषाही मोठ्या होतात. त्यामुळे नकाशाची मर्यादा डोळ्यांना लगेच जाणवते. दुसऱ्या प्रकारात किनारा, खोली, खडक, दीपगृह इत्यादींची माहिती वेगवेगळ्या नोंदींच्या रूपाने साठविलेली असते व संगणक प्रत्येक वेळी तिच्यापासून नवे चित्र रेखाटतो. यात हव्या त्या नोंदी दाखविता वा लपविता येतात, तसेच ठराविक खोलीपेक्षा उथळ पाण्यात नौका जाऊ लागल्यास इशारा मिळविता येतो. तथापि या प्रकारात एक गंभीर धोका आहे. चित्र लहान प्रमाणावर पाहिले असता पडद्यावर गर्दी होऊ नये म्हणून संगणक अनेक नोंदी गाळतो. वापरकर्त्याला समुद्र मोकळा दिसतो. प्रत्यक्षात खडक फक्त चित्रातून वगळलेला असतो.

या दोषाचा परिणाम हिंदी महासागरातच दिसून आला. २९ नोव्हेंबर २०१४ रोजी केप टाउनहून अबू धाबीकडे निघालेली ‘टीम व्हेस्टास विंड’ ही शर्यतीची नौका मॉरिशसच्या ईशान्येस असलेल्या कार्गादोस काराजोस या प्रवाळभित्तीवर रात्री भर वेगात आदळली. नौकेवरील नऊही जण वाचले. अद्ययावत साधने व अनुभवी नाविक असूनही प्रवाळभित्तीचा धोका लक्षात आला नव्हता; लहान प्रमाणाच्या चित्रात तो पुरेसा स्पष्ट दिसत नव्हता व मार्गावरील प्रत्येक भाग मोठ्या प्रमाणाच्या चित्रात तपासला गेला नव्हता, असे पुढील चौकशीत दिसून आले. त्यामुळे आखलेली रेषा आरंभापासून अखेरपर्यंत मोठ्या प्रमाणाच्या चित्रावर सरकवून पाहणे हा संगणकीय मार्गनिर्देशनाचा पहिला नियम मानला जातो.

दुसरी बाब नकाशाच्या आधारपृष्ठाची. जीपीएस स्थान देते ते जागतिक भूमापन पद्धती १९८४ या आधारावर. भारतातील जुने नकाशे एव्हरेस्ट विवृत्तजावर आधारलेले होते. एकाच जागेचे या दोन आधारांवरील अक्षांश-रेखांश जुळत नाहीत. मुंबईच्या परिसरात ही तफावत सुमारे शंभर मीटर किंवा काहीशी अधिक भरते. जुन्या कागदी नकाशाचे चित्र घेऊन ते लॅपटॉपवर वापरणाऱ्याने हा फरक दुरुस्त केला नाही, तर अरुंद खाडीत नौका काठावर चढल्याचे दिसेल. अथवा ती काठाला लागत असताना पडद्यावर खोल पाण्यात दिसेल.

टॅब्लेट व लॅपटॉप यांची तुलना : लॅपटॉपचा पडदा मोठा असतो, कळफलकामुळे लांबचा मार्ग आखणे सोपे जाते आणि वारा मोजणारे यंत्र, खोलीमापक, रेडिओ, स्वयंसुकाणू यांसारखी नौकेवरील उपकरणे त्याला जोडता येतात. या उपकरणांमधील माहितीच्या देवाणघेवाणीसाठी एनएमईए ही मानके प्रचारात आहेत. ओपनसीपीएन यांसारखे विनामूल्य कार्यक्रम लॅपटॉपवर चालतात. हवामानाचा अंदाज व नौकेची निरनिराळ्या वाऱ्यांतील गती यांची सांगड घालून सर्वांत कमी वेळाचा मार्ग काढणे, हे गणित लॅपटॉपवर सोयीचे होते. मात्र लॅपटॉपला पाणी व हादरे सोसत नाहीत. त्याची जागा खाली, केबिनमधील नकाशाच्या मेजावर असते.

टॅब्लेट सुकाणूजवळ नेता येतो. त्यात फिरणारे भाग नसतात व तो अल्प वीज घेतो. सुकाणू धरणाऱ्याला दर वेळी खाली उतरावे लागत नाही. एकट्याने किंवा दोघांनी चालविलेल्या नौकेवर हा फायदा मोठा आहे. कारण खाली गेलेल्या माणसाचे समुद्राकडे लक्ष नसते. लॅपटॉपवर मार्ग आखून तो टॅब्लेटवर उतरवून घेणे व प्रवासात टॅब्लेट वापरणे, अशी विभागणी बहुधा सर्वांत सोयीची ठरते.

वीज व संरक्षण : शिडाच्या नौकेवर वीज सहसा १२ व्होल्टच्या घटमालेतून मिळते. लॅपटॉप ४८ वॉट शक्ती घेत असल्यास १२ व्होल्टला ४ अँपिअर प्रवाह लागतो; चोवीस तासांत हा खप ९६ अँपिअर-तास होतो. शिशाच्या घटमालेची निम्म्याहून अधिक क्षमता वापरणे तिच्या आयुष्याला अपायकारक असल्याने १०० अँपिअर-तासांच्या घटमालेतून एवढी वीज घेता येत नाही. १० वॉटचा टॅब्लेट त्याच अवधीत सुमारे २० अँपिअर-तास घेतो. सौर पट्ट बसविलेल्या नौकेवर टॅब्लेट अखंड चालू शकतो, लॅपटॉप बहुधा नाही. घटमालेतील वीज प्रत्यावर्ती करून मग प्रभारक लावण्यापेक्षा थेट १२ व्होल्टवर चालणारा प्रभारक वापरल्यास वाया जाणारी वीज वाचते.

उष्णता हा दुसरा शत्रू होय. पुष्कळशा टॅब्लेटांसाठी उत्पादकांनी ३५° से. ही परिसर तापमानाची कमाल मर्यादा सांगितलेली असते. एप्रिल-मे महिन्यांत उघड्या नौकेवर थेट उन्हात ठेवलेला टॅब्लेट ती मर्यादा सहज ओलांडतो. तो आधी पडद्याचा उजेड कमी करतो व नंतर स्वतःहून बंद पडतो. घटमाला पूर्ण भरलेली असूनही असे होते. जलरोधक पिशवीत हवा कोंडल्यास उष्णता आणखी वाढते. खाऱ्या पाण्याचे थेंब पडद्यावर पडले, की स्पर्शाने चालणाऱ्या पडद्याला ते बोटाच्या स्पर्शासारखे भासतात व चित्र आपोआप सरकते. ध्रुवित काचांच्या चष्म्यातून पाहिले असता काही पडदे विशिष्ट कोनात काळे दिसतात. टॅब्लेटमध्ये व त्याच्या आवरणात चुंबक असतात. होकायंत्राजवळ तो ठेवल्यास सुई विचलित होते आणि एका साधनाची सोय दुसऱ्या साधनाच्या मुळावर येते.

मार्गाची आखणी : यंत्रचलित नौकेच्या व शिडाच्या नौकेच्या मार्गनिर्देशनात मूलभूत फरक आहे. शिडाची नौका वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊ शकत नाही. वाऱ्याच्या दिशेशी साधारणपणे ४५° चा कोन ठेवून, आलटून पालटून दोन्ही बाजूंनी तिरकस जावे लागते. संगणकाने दाखविलेली सरळ रेषा म्हणूनच नेहमी उपयोगी पडत नाही.

मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापासून मांडवा सुमारे ७ सागरी मैल असून त्याची दिशा साधारणतः दक्षिण-आग्नेय आहे. हिवाळा व उन्हाळा या ऋतूंत दुपारी समुद्रावरून वायव्येचा वारा सुटतो. जाताना हा वारा मागून मिळतो व आखलेल्या रेषेवरूनच नौका जाते. ५ नॉट गतीने हे अंतर दीड तासापेक्षा थोड्या कमी वेळात तुटते. परतताना मात्र गेटवेची दिशा आणि वाऱ्याची दिशा यांत जेमतेम २६° चा कोन राहतो. त्यामुळे सरळ येता येत नाही. नौकेला काही अंतर उत्तरेस व काही अंतर पश्चिमेस असे टप्प्याटप्प्याने यावे लागते. प्रत्यक्ष कापावे लागणारे अंतर सुमारे ९ सागरी मैल होते व त्याच गतीला पावणेदोन तासांहून अधिक वेळ लागतो. ओहोटीचा प्रवाह विरुद्ध असल्यास तो आणखी वाढतो. साधा कार्यक्रम सरळ अंतराला गतीने भागून पोहोचण्याची वेळ दाखवितो. ती वेळ खरी मानून संध्याकाळी उशिरा मांडव्याहून निघालेली नौका अंधारात जहाजांच्या वाटेवर सापडते. शिडाच्या नौकांसाठी बनविलेले कार्यक्रम वारा व प्रवाह हिशेबात घेऊन वळण कोठे घ्यावे, हे दाखवितात. अर्थात वारा फिरला की तो हिशेबही फिरतो.

भरती-ओहोटी : नकाशावर छापलेली खोली ही अगदी खालच्या ओहोटीच्या पातळीपासून मोजलेली असते. प्रत्यक्ष खोली मिळविण्यासाठी तिच्यात त्या वेळची भरतीची उंची मिळवावी लागते. समजा, नकाशावर १.५ मी. खोली आहे, भरतीची उंची १.८ मी. आहे आणि नौकेचा तळ पाण्याखाली २ मी. जातो, तर तळाखाली १.३ मी. पाणी राहील. ओहोटीला हीच नौका तेथे रुतेल. मुंबई बंदरात दिवसातून दोनदा भरती येते आणि उधाणाच्या दिवसांत पाण्याच्या पातळीत साडेतीन मीटरांहून अधिक फरक पडतो. टॅब्लेटवरील कार्यक्रम भरतीचे आकडे देतात. परंतु ते कोणत्या ठाण्याचे आहेत, हे पाहणे आवश्यक असते. खाडीच्या आतल्या भागात भरती बंदराच्या तोंडापेक्षा उशिरा पोहोचते.

मुंबई बंदर व शीवचा परिसर : स्थान कितीही अचूक असले, तरी नकाशा ज्या वर्षी मोजला त्या वर्षाचेच जग दाखवितो, याचे शीव हे बोलके उदाहरण आहे. शीव या शब्दाचा अर्थ हद्द. मुंबई बेटाची ही उत्तरेकडील सीमा होती आणि खाडीपलीकडे साष्टी बेट होते. साष्टी आधी पोर्तुगीजांकडे, १७३७ पासून मराठ्यांकडे व १७७४ पासून इंग्रजांकडे होते. सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीने शीवच्या टेकडीवर बांधलेला किल्ला याच हद्दीवर लक्ष ठेवण्यासाठी होता. शीव कोळीवाडा हे नाव मासेमारांच्या जुन्या वस्तीची आठवण राखून आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शीवहून कुर्ल्याच्या बाजूस बांध घातला गेला. पुढे भराव, वस्ती व रस्ते वाढत गेले. अठराव्या शतकातील नकाशा लॅपटॉपवर घेऊन आजच्या स्थानांकांशी जुळविला, तर शीव-कुर्ल्याच्या दरम्यानच्या कोरड्या रस्त्यावरील माणूस खाडीत किंवा दलदलीत उभा असल्याचे दिसेल. यात उपग्रहाची चूक नसते. माहीमची खाडी, मिठी नदीचे मुख व ठाण्याची खाडी येथे गाळ साचण्याची व भराव पडण्याची क्रिया आजही थांबलेली नाही. म्हणून सागरी नकाशात तो भाग केव्हा मोजला गेला याची नोंद पाहिल्याशिवाय त्यातील खोलीवर विसंबणे धोक्याचे असते.

खाड्यांच्या तोंडाशी व उथळ पाण्यात कोळी लोक डोल जाळी लावतात. त्यांसाठी रोवलेले खुंट व तरंगत्या खुणा कोणत्याही नकाशात नसतात, आणि त्या हंगामानुसार बदलतात. त्यांची माहिती स्थानिक तांडेलाकडूनच मिळते. जहाजांच्या वाटेवरही अनपेक्षित अडथळे उद्भवतात. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर होऊन शेकडो मालपेट्या समुद्रात पडल्या व काही दिवस बंदरातील वाहतूक थांबवावी लागली. तरंगणारी पेटी टॅब्लेटवर दिसत नाही. अशा प्रसंगी रेडिओवरील इशारे आणि प्रत्यक्ष नजर यांखेरीज उपाय नसतो.

बंदरातील जुन्या खुणांचे महत्त्व याच कारणाने टिकून आहे. खांदेरी बेटावरील १८६७ चे आणि कुलाब्याच्या दक्षिणेकडील प्राँग्ज खडकावरील १८७५ चे दीपगृह यांची होकायंत्राने घेतलेली दिशा नकाशावर आखली, की दोन रेषांच्या छेदावर नौकेचे स्थान मिळते. मुंबईजवळ चुंबकीय उत्तर व खरी उत्तर यांतील फरक एक अंशाहून कमी असल्याने ही आखणी सोपी जाते. पडद्यावरील स्थान या छेदाशी जुळत नसेल, तर दोहोंपैकी एक चुकत आहे, हे वेळीच कळते.

इतर नौकांची माहिती : मोठ्या जहाजांवर एआयएस ही स्वयंचलित ओळखयंत्रणा असते. जहाजाचे नाव, स्थान, दिशा व गती ती १६१.९७५ व १६२.०२५ मेगाहर्ट्‌झ या कंप्रतांवर सतत कळविते. योग्य ग्राहक जोडल्यास ही जहाजे टॅब्लेटवरील नकाशात दिसतात व किती वेळाने किती जवळून जातील, हेही कळते. येथे भूजालावरून मिळणारी जहाजांची स्थाने आणि नौकेवरील ग्राहकाने थेट घेतलेली स्थाने यांत भेद केला पाहिजे. पहिली काही मिनिटे शिळी असू शकतात व किनाऱ्यापासून दूर मिळतही नाहीत. लहान मचव्यांपैकी अनेकांवर ही यंत्रणा नसते. रिकामा पडदा म्हणजे रिकामा समुद्र नव्हे.

संदेशातील अडथळे : उपग्रहाचा संदेश पृथ्वीवर पोहोचेपर्यंत अतिशय क्षीण झालेला असतो. त्यामुळे तो दडपणे किंवा खोटा संदेश पाठवून ग्राहकाला फसविणे शक्य असते. जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रातील अनेक जहाजांच्या ग्राहकांनी आपण किनाऱ्यावरील एका विमानतळावर असल्याचे दाखविले होते. युद्धग्रस्त प्रदेशांलगतच्या समुद्रांत असे प्रकार त्यानंतर वाढले. एकाच नौकेवर तीन टॅब्लेट ठेवल्याने या धोक्यापासून संरक्षण मिळत नाही, कारण तिन्ही एकाच संदेशावर विसंबतात. पर्यायी साधन वेगळ्या तत्त्वावर चालणारे हवे : होकायंत्र, खोलीमापक, हातात धरून दिशा घेण्याचे होकायंत्र व खुल्या समुद्रासाठी सेक्स्टंट. दर तासाला स्थान, दिशा व गती नोंदवहीत लिहून ठेवल्यास साधन बंद पडले, तरी शेवटच्या नोंदीपासून गती व वेळ यांवरून पुढचे स्थान अंदाजता येते.

भारतातील स्थिती : भारताच्या किनाऱ्याचे अधिकृत सागरी नकाशे डेहराडून येथील राष्ट्रीय जलालेखन कार्यालय तयार करते. भारताने स्वतःची ‘नाविक’ ही प्रादेशिक उपग्रहीय प्रणाली उभारली असून तिच्या पहिल्या मालिकेतील पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सोडण्यात आला. भारत व त्याच्या सीमांपासून सुमारे १,५०० किमी. पर्यंतचा प्रदेश हे तिचे मुख्य क्षेत्र आहे. काही उपग्रहांवरील आण्विक घड्याळे निकामी झाल्याने प्रणालीला अडचणी आल्या. २०२३ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहावर भारतीय बनावटीचे आण्विक घड्याळ बसविण्यात आले. नाविकचे संदेश घेणारे मोबाइल व टॅब्लेट बाजारात येऊ लागल्याने एका परकीय प्रणालीवरील अवलंबन कमी होण्यास मदत होईल. लांबच्या प्रवासात हवामानाची माहिती मिळविण्यासाठी उपग्रहीय दूरध्वनी उपयुक्त असला, तरी भारतीय सागरी हद्दीत तो परवान्याशिवाय बाळगण्यास वा वापरण्यास मनाई आहे.

भारतीय नौदलाच्या ‘म्हादेई’ या गोव्यात बांधलेल्या नौकेतून दिलीप दोंदे यांनी १९ ऑगस्ट २००९ ते १९ मे २०१० या काळात चार ठिकाणी थांबून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असा पराक्रम करणारे ते पहिले भारतीय होत. अभिलाष टॉमी यांनी त्याच नौकेतून १ नोव्हेंबर २०१२ रोजी मुंबईहून निघून कोठेही न थांबता ३१ मार्च २०१३ रोजी प्रदक्षिणा पूर्ण केली. ‘तारिणी’ या नौकेवरून सहा महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये व दोघींनी २०२४-२५ मध्ये असाच प्रवास केला.

टॉमी यांच्या पुढील प्रवासांतून संगणकाशिवायच्या मार्गनिर्देशनाची कसोटी लागली. १९६८ च्या पद्धतीने घेतल्या जाणाऱ्या गोल्डन ग्लोब शर्यतीत उपग्रहीय मार्गनिर्देशनास बंदी असते. आणीबाणीसाठी दिलेला जीपीएस ग्राहक मोहोरबंद पेटीत असतो. २०१८ च्या शर्यतीत त्यांच्या ‘थुरिया’ या नौकेची डोलकाठी वादळात मोडली व त्यांच्या पाठीला गंभीर दुखापत झाली. सेक्स्टंट व कागद यांवर चाललेल्या त्या प्रवासात त्यांचा ठावठिकाणा बचावकर्त्यांना उपग्रहीय साधनांमुळेच कळत राहिला व २४ सप्टेंबर २०१८ रोजी त्यांची सुटका झाली. २०२२ मध्ये सुरू झालेल्या शर्यतीत ते पुन्हा उतरले व २९ एप्रिल २०२३ रोजी दुसऱ्या क्रमांकाने परतले. जुन्या विद्येवर पृथ्वीप्रदक्षिणा अजूनही होऊ शकते आणि प्राण वाचविण्यास नवे साधन लागते, या दोन्ही गोष्टी एकाच नाविकाच्या अनुभवातून दिसून येतात.

भवितव्य : कागदी सागरी नकाशांची छपाई जगभर घटत आहे. अमेरिकेने आपले पारंपरिक कागदी नकाशे २०२४ अखेरपर्यंत टप्प्याटप्प्याने बंद केले. ब्रिटनने २०२६ ची घोषित मुदत पुढे ढकलून किमान २०३० पर्यंत ते चालू ठेवण्याचे ठरविले. पर्यायी अंकीय साधने, विशेषतः लहान नौकांसाठीची, सिद्ध होण्यास वेळ लागेल, हे त्यामागील एक कारण होते. यापुढे लहान नौकेवर पडदा हाच मुख्य नकाशा राहील, असे दिसते. अशा स्थितीत टॅब्लेट दोन असावेत, त्यांपैकी एक कोरड्या डब्यात बंद ठेवावा, निघण्यापूर्वी नकाशे अद्ययावत करावेत आणि जाण्याच्या भागाचा निदान एक कागदी नकाशा होकायंत्रासह जवळ बाळगावा, एवढी शिस्त अनुभवी नाविक पाळतात. दिवसाउजेडी, ओळखीच्या पाण्यात टॅब्लेट मुद्दाम बंद ठेवून किनाऱ्याच्या खुणांवर परत येण्याचा सराव केलेला असल्यास, रात्री तो आपोआप बंद पडला तरी नौका संकटात सापडत नाही.